दोन दिवसांची राहुटी

पुराणांतून विदर्भाच्या राजकन्यांच्या कथा वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते. या मुलींच्या संसाराचा आरंभ किंवा त्याची कसोटी, दोहोंपैकीं एक तरी, घराबाहेर झाली. रुक्मिणी कौंडण्यपुराच्या वेशीबाहेर अंबिकेच्या दर्शनाला गेली आणि तेथूनच श्रीकृष्णाच्या रथांत चढली. दमयंती नळाबरोबर रानांत हिंडली, आणि एका रात्रीं निजलेली असतांना त्याच रानांत एकटी पडली. लोपामुद्रेनें अगस्त्यासाठीं राजवस्त्रें टाकून वल्कलें नेसलीं. परंतु पुढें वेळ येतांच, बापाच्या घरीं होती तशी शय्या आणि तसे अलंकार असल्याखेरीज आपण जवळ येणार नाहीं, असेंहि तिनें पतीला स्पष्ट सांगितलें.

आज अमरावतीचें किंवा अकोल्याचें एखादें तरुण जोडपें शनिवार-रविवार गांठून, एक राहुटी आणि चार पांघरुणें घेऊन चिखलदऱ्याच्या वाटेला लागतें, तेव्हां त्याच्या मनांत या कथा असतातच असें नाहीं. प्रश्न मात्र तेच असतात. घर मागें राहिल्यावर दोघांचें एकमेकांशीं कसें जुळतें, कोण कोणावर विसंबतें, आणि अंधार पडल्यावर कोण कोणाला सांभाळतें? म्हणूनच या नव्या हौसेकडे केवळ चैन म्हणून न पाहतां थोडें बारकाईनें पाहणें योग्य होईल.

वऱ्हाडी माणसाला उघड्यावरचा मुक्काम मुळींच नवा नाहीं. कार्तिकांत कौंडण्यपुरच्या यात्रेला जुन्या काळीं वर्धा नदीच्या कांठीं गाड्या सुटत, बैल मोकळे होत, गाडीच्या आडोशाला चूल पेटे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजले जात, आणि वांग्याच्या भाजीबरोबर सारें कुटुंब वाळूंतच जेवायला बसे. याच गांवाहून आषाढीसाठीं पंढरपुरास जाणारी रुक्मिणीमातेची पालखी चार शतकांहून अधिक काळ चालत आली आहे, असें परंपरा सांगते. त्या वाटेवरचे वारकरी तर कित्येक दिवस रोज नव्या गांवीं पाठ टेकतात. आवळीभोजन, वनभोजन, हुरड्याचा बेत, हे सारे प्रकार श्रोत्यांच्या परिचयाचे आहेत.

पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. हा मुक्काम समुदायाचा असे. त्यांत नवरा असे, बायको असे. जोडपें म्हणून कोणी नसे. बायका चुलीपाशीं, पुरुष बैलांपाशीं, आणि मुलें दोहोंच्या मध्यें धांवत असलेलीं. जोडीनें डोंगर चढण्याचा प्रसंग मराठी संसारांत ठळकपणें आढळतो तो जेजुरीला. लग्नानंतर खंडोबाच्या दर्शनाला जातांना नवऱ्यानें बायकोला उचलून निदान पांच पायऱ्या तरी चढाव्या, अशी चाल आहे. तिच्यांत थट्टा आहे, प्रेम आहे आणि पुढील आयुष्याची थोडीशी सूचनाहि आहे. मात्र तेथेंहि मागेंपुढें सारे आप्तेष्ट हजर असतात.

दोघांनींच जावें ही कल्पना रुजण्यास आधीं सवड मिळावी लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून खटपट केली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं ती मान्य केली. एका रविवारांत डोंगर पाहून येणें शक्य होतें; तेथें निवांतपणें रात्र काढणें बहुधा शक्य नव्हतें. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना पांच दिवसांचा आठवडा लागू झाला. तेव्हांपासून अनेक नोकरदारांच्या हातीं दोन दिवस आले, आणि त्यांच्या मधली रात्रहि आली. ज्यांचा चरितार्थ दुकानावर, दवाखान्यांत किंवा शेतावर चालतो त्यांना मात्र ही सवड अजूनहि नाहीं.

दुसरी गरज एकांताची. मध्यमवर्गीय घरांत जागा थोडी आणि माणसें पुष्कळ. भिंतीपलीकडे आईवडील, अलीकडे मुलें, आणि दिवसभर दोघांच्याहि डोक्यांत कचेरी. नवराबायकोचें बोलणें मग गॅसचें सिलिंडर, मुलांची फी आणि उद्यांचा डबा एवढ्यापुरतें उरतें. त्यांत भांडण नसतें, पण भेटहि नसते. रमाबाई रानडे यांचें १९१० सालीं प्रसिद्ध झालेलें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. पुण्याच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रमाबाईंच्या शिकण्याला विरोध होता, आणि त्या विरोधाचा जाच त्यांनीं मुकाट्यानें सोसला. न्यायमूर्तींच्या दौऱ्यांत त्या बरोबर असत, तेव्हां घरांतलीं तीं बोलणीं मागें राहत. दोन माणसांमधलें नातें कधीं कधीं घर सोडल्यावरच श्वास घेऊं लागतें, हें शंभर वर्षांपूर्वींहि खरें होतें.

आतां जावें कोठें? कौंडण्यपूर स्वतः सपाटीवर, वर्धेच्या तीरावर वसलेलें आहे. तेथून वायव्येकडे अमरावती व परतवाडा ओलांडून गेलें, म्हणजे सातपुड्याची गाविलगडची रांग समोर उभी राहते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाण्यास दोन वाटा आहेत. एक धामणगांव गढीवरून, दुसरी घटांगवरून. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें १,११८ मीटर उंच आहे, आणि अमरावती ३५० मीटरांच्या आसपास. हवा दर हजार मीटरांस सरासरी साडेसहा अंशांनीं थंड होत जाते, या हिशेबानें अमरावतीपेक्षां तेथें पांच अंशांनीं तरी गारवा अधिक असावयाचा. हा आंकडा लहान वाटतो. परंतु पौषांतल्या पहाटे, वारा वाहत असतां, पातळ चादर घेऊन आलेल्यांना त्याचा अर्थ चांगला कळतो.

चिखलदरा हें नांव कीचकदरा या शब्दावरून आलें, अशी लोकांची समजूत आहे. भीमानें कीचकाला मारून येथील दरींत टाकलें आणि जेथें हातपाय धुतले तें भीमकुंड, अशी कथा सांगतात. इंग्रजांच्या नजरेस ही जागा १८२३ सालीं कॅप्टन रॉबिन्सन या हैदराबादच्या सैन्यांतील अधिकाऱ्यामुळें आली. तेव्हांपासून कॉफीची लागवडहि येथें होऊन गेली, आणि महाराष्ट्रांत कॉफी पिकविणारें ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचें नांव अजून घेतात. जवळच गाविलगड आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजीं वेलस्लीच्या फौजेनें तो भोसल्यांच्या हातून घेतला. आज त्या तटांवर गवत वाऱ्यानें डुलत असतें. अकोल्याकडील लोकांना शहानूरवरून नरनाळा किल्ला अधिक जवळ पडतो. परंतु तो अभयारण्याच्या हद्दींत असल्यानें तेथें दिवसा जाऊन दिवस मावळण्यापूर्वीं उतरणेंच इष्ट.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. डोंगर मोकळा दिसला म्हणजे तो कोणाचाच नाहीं, असें शहरी माणसाला वाटतें. मेळघाटाचें तसें नाहीं. १९७३-७४ मध्यें देशांत जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प निवडण्यांत आले, त्यांत मेळघाट आहे. सिपना, खापरा, खंडू, गाडगा, डोलार या नद्या याच रानांतून तापीला मिळतात. वाघाप्रमाणेंच माणसांचीहि येथें पिढ्यान् पिढ्यांची वस्ती आहे. कोरकू लोकांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळांतली नसून मुंडा कुळांतली आहे, आणि त्या कुळाचें हें सर्वांत पश्चिमेकडचें टोक होय. त्यांच्या पाड्याशेजारीं मोठ्यानें गाणीं वाजवून रात्र जागविणें म्हणजे दुसऱ्याच्या अंगणांत परवानगीवांचून धिंगाणा घालणें होय. न विचारतां बायकामुलांचीं छायाचित्रें काढणें हेंहि त्याच जातीचें.

म्हणून राहुटी ठोकावयाची ती परवानगी असलेल्या जागींच. गांवाच्या हद्दींत, मालकाच्या संमतीनें त्याच्या शेतांत, किंवा त्यासाठींच राखलेल्या आवारांत. रानाच्या आंत रात्र काढण्याची फारच इच्छा असेल, तर सेमाडोह व कोलकास येथें वन खात्यानें निवासाची सोय केलेली आहे. तिची नोंद आधीं करून जावें. चोरवाटेनें आंत शिरून केलेला मुक्काम कितीहि रोमहर्षक वाटला, तरी त्याचा शेवट दंडांत किंवा त्याहून वाईट गोष्टींत होण्याचा संभव असतो.

आगीविषयीं तर विशेष जपावयास हवें. राखीव वनांत आग लावणें, किंवा मनाईच्या काळांत विस्तव पेटविणें वा नेणें, हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमान्वये गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेवला, तरी कारण समजण्यासारखें आहे. सातपुड्यांतील साग व इतर पानझडी झाडें उन्हाळ्याच्या तोंडीं पानें टाकतात, आणि जमिनीवर वाळक्या पानांचा जाड थर सांचतो. मोहाचीं फुलें वेंचतां यावीं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे, आणि त्या लहानशा आगींतून मोठा वणवा पेटतो. अशा रानांत हौसेची शेकोटी म्हणजे दारूच्या कोठारांत उजेडासाठीं लावलेली काडी. जेथें विस्तवाला मुभा आहे, तेथेंहि भोंवतालचा पाचोळा दूर सारून, वारा पाहून, आणि निजण्यापूर्वीं राखेंत हात घालतां येईल इतकें पाणी ओतून मगच राहुटींत शिरावें.

थंडीनें कुडकुडणारीं माणसें कधीं कधीं कोळशाची शेगडी राहुटींत घेतात. ही चूक जिवावर बेतते. कोंडलेल्या जागेंत कोळसा अपुरा जळला, म्हणजे कार्बन मोनॉक्साईड हा वायू तयार होतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यामार्फत प्राणवायू शरीरभर पोंचतो, त्या द्रव्याशीं हा वायू प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक जोरानें जखडला जातो. निजलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवहि होत नाहीं. झोंपेंतच सारें संपतें. थंडीचा खरा उपाय निराळा आहे. रात्रीं अंगांतली ऊब हवेइतकीच खालच्या जमिनींत जाते. तेव्हां अंगावर तिसरें पांघरूण घेण्यापेक्षां अंगाखालीं दुसरें अंथरावें. राहुटीची खिडकी बोटभर उघडी ठेवावी, म्हणजे श्वासांतील दमट हवा बाहेर जाऊन कापडाला आंतून दंव धरत नाहीं.

जागा निवडतांना नाल्याचें कोरडें पात्र टाळावें. वाळू मऊ असते, पण वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस खालीं चांदणें असतांनाहि पोंचतो. वाळलेल्या फांदीखालीं, कड्याच्या अगदीं लगत, आणि मोहाच्या झाडाजवळ राहुटी नको. मोहाच्या फुलांवर अस्वलाचा जीव असतो. खाण्याचे जिन्नस निजण्याच्या जागीं ठेवूं नयेत. राहुटीचें तोंड नीट बंद करावें, कारण मण्यार रात्रींच हिंडते आणि तिचा दंश पुष्कळदां जाणवतहि नाहीं. सकाळीं जोडा झटकून मगच पायांत घालावा. पावसाळ्यांत चिखलदऱ्याचें धुकें मोठें मोहक असतें. पण त्या दिवसांत राहुटीपेक्षां पक्कें छप्परच बरें, आणि घाटांतून गाडी हांकावयाची ती दिवसाउजेडीं. रविवारच्या रात्रीं, थकलेल्या डोळ्यांनीं, धुक्यांतून उतरण्याचा हट्ट करण्यापेक्षां दुपारींच निघणें शहाणपणाचें.

इथपर्यंत साधनांचा विचार झाला. परंतु दोघांच्या सहलीचें यश साधनांवर थोडें आणि वागण्यावर अधिक अवलंबून असतें. पुष्कळ घरीं असें घडतें, कीं बेत नवरा ठरवितो, गाडी तो हांकतो, राहुटीच्या खुंट्या तो ठोकतो, आणि मग खुर्चींत बसून निसर्गाचें कौतुक करतो. डबे बायकोनें आदल्या रात्रीं जागून भरलेले असतात, डोंगरावर चहा तीच करते, भांडीं तीच विसळते, आणि परत आल्यावर चिखलाचे कपडेहि तिच्याच वाट्याला येतात. अशा सहलींत बाईचें स्वयंपाकघर बदलतें, इतकेंच. तिला त्यांत विसांवा मिळाला नाहीं, तर तो दोघांचा विहार झाला असें म्हणतां येणार नाहीं.

लोपामुद्रेची कथा येथें उपयोगी पडते. ती वल्कलें नेसून आनंदानें रानांत राहिली, परंतु आपल्याला काय हवें तें सांगण्याचा हक्क तिनें सोडला नाहीं; आणि अगस्त्यासारख्या तपस्व्यानेंहि तें ऐकून घेतलें व तिच्या इच्छेसाठीं राजांच्या दारीं धनाची याचना केली. स्वच्छ न्हाणीघर असावें, जागा सुरक्षित असावी, अंधारांत लांब चालावें लागूं नये, असें एखादीला वाटलें, तर तें नाजूकपण नव्हे. ज्याला राहुटीच हवी आणि जिला पक्की खोली हवी, अशांनीं पहिली रात्र एकाची व दुसरी दुसऱ्याची, असा तोडगा काढावा. कधीं हें उलटहि असतें. तिला डोंगर चढावयाचा असतो आणि त्याचे गुडघे दुखतात; तेव्हां पुरुषानेंहि संकोच न करतां तसें सांगावें.

नळाच्या कथेंतून दुसरा धडा मिळतो. तिच्यांतील सारें दुःख एका गोष्टीनें सुरू झालें: रात्रीं दोघांपैकीं एकजण न सांगतां उठून गेला. तो दुष्ट नव्हता. आपण दूर झालों, तर ही माहेरीं विदर्भांत सुखानें जाईल, असें त्याला वाटलें. पण तिला काय वाटतें हें त्यानें विचारलें नाहीं. डोंगरांत हा नियम अक्षरशः पाळावयाचा असतो. रुसून एकट्यानें वाट धरूं नये, कड्याच्या टोंकाशीं छायाचित्रासाठीं दुसऱ्याला मागें टाकून जाऊं नये, आणि एकानें परत फिरूं म्हटलें कीं दुसऱ्यानें वाद घालूं नये. मेळघाटांत पुष्कळ ठिकाणीं भ्रमणध्वनी चालत नाहीं. म्हणून कोठें जात आहों आणि केव्हां परतूं, हें घरीं कोणाला तरी लिहून देऊनच निघावें.

घरच्या वडीलधाऱ्यांचाहि विचार करणें भाग आहे. दोघेंच जाणार म्हटल्यावर कोठें कोठें कपाळाला आठी पडते. मुलांना कोणाकडे ठेवणार, लोक काय म्हणतील, घरांत बसून बोलतां येत नाहीं काय, असे प्रश्न येतात. त्यांना उद्धट उत्तर देणें सोपें आहे, परंतु त्या आठीमागें पुष्कळदां एक न बोललेलें दुःख असतें. ज्या सासूनें तीस वर्षें नवऱ्याशीं चारचौघांत बोलण्याचा संकोच पाळला, तिला या दोन दिवसांचा अर्थ सुनेपेक्षां अधिक चांगला कळत असेल. नातवंडांना ती सांभाळते म्हणूनच बहुधा हा प्रवास घडतो. अशा घरीं पुढच्या खेपेला मुलानें आणि सुनेनें घर सांभाळावें, आणि आईवडिलांना कोलकासच्या विश्रामगृहांत सिपनेच्या कांठीं दोन दिवस बसवून यावें. साठाव्या वर्षीं नवऱ्याच्या शेजारीं कांहीं काम न करतां बसणें ही पुष्कळ स्त्रियांच्या आयुष्यांतली पहिलीच वेळ असेल.

विदर्भांतील पद्मपूर हें ज्याचें मूळ गांव, त्या भवभूतीनें ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकांत रामसीतेला वनवासाचीं चित्रें पाहतांना दाखविलें आहे. राजवाड्यांत बसलेल्या रामाला त्या वेळीं प्रस्रवण पर्वतावरच्या, गोदावरीकांठच्या रात्री आठवतात. दोघें हळू आवाजांत इकडचें तिकडचें बोलत असत आणि रात्र केव्हां सरली हें कळत नसे. बोलण्यांत महत्त्वाचें असें कांहीं नव्हतें. तरीहि राज्य मिळाल्यावर त्याला आठवण झाली ती त्याच रात्रींची. आणि याच अंकाच्या अखेरीस त्यांचा वियोग ठरतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अशा रात्री वेळींच साधून घ्याव्या, असें वाटल्याखेरीज राहत नाहीं.

विवाहविधींत वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवावयाची असते. हल्लीं दिवसाच्या मुहूर्तावर, मंगल कार्यालयाच्या छपराखालीं, बोट वर करून हा विधि उरकला जातो. आणि शहराच्या उजेडांत पुढेंहि ती चांदणी सहसा दिसत नाहीं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चिखलदऱ्याच्या पठारावर, दिव्यांपासून दूर, उत्तरेकडे सप्तर्षि चांगले वर आलेले असतात. त्यांच्या शेपटींतल्या मधल्या ताऱ्याजवळ, म्हणजे वसिष्ठाजवळ, निरखून पाहिल्यास एक बारीक तारा दिसतो; तीच अरुंधती. दोन्ही तारे पृथ्वीपासून सुमारें ऐंशी प्रकाशवर्षें दूर आहेत आणि अवकाशांतून एकाच दिशेनें प्रवास करीत आहेत. लग्नाच्या दिवशीं गुरुजींनीं छताकडे बोट दाखवून जें पुढें ढकललें, तें दोघांनीं एका पहाटे पांघरूण लपेटून, एकमेकांना बोटानें दाखवीत पाहून घ्यावें. त्यासाठीं अंधार लागतो, निरभ्र आकाश लागतें, आणि घाईनें घरीं परतावयाचें नाहीं अशी एक सकाळ लागते.